नाशिकची वाइन, हैदराबादची गच्ची

कोजागिरी, गणपती, संक्रांतीचं हळदीकुंकू हे आपल्या मंडळांचं ठरलेलं वेळापत्रक. यंदा आम्हा तिशीतल्या हैदराबादकरांनी त्यात एक भर सुचवली: 'नाशिकची द्राक्षं' या विषयावर वाइन चाखण्याची संध्याकाळ.

एका काकांनी लगेच हरकत घेतली. "दारूनं घर कसं मोडतं, ते मी लहानपणी पाहिलंय. मंडळात ती नको." यावर वाद घालण्यासारखं काही नव्हतंच. कार्यक्रम मंडळाच्या नावावर न घेता मित्राच्या घरच्या गच्चीवर ठेवला आणि नियम आधीच ठरवले. वाइन एकवीस वर्षांवरच्यांनाच. प्रत्येक प्रकार ५० मिली, म्हणजे ७५० मिलीच्या एका बाटलीत पंधरा जण. न गिळता थुंकायचं असेल तर वेगळं भांडं. जो चाखेल तो गाडी चालवणार नाही. आणि "तू का घेत नाहीस?" हे कोणी कोणाला विचारायचं नाही. काका नियम वाचून म्हणाले, "येतो. पण मी चहाच घेईन."

त्या चहानंच सुरुवात झाली. लहान-मोठ्या सगळ्यांना कोरा चहा, लिंबूपाणी आणि आवळ्याची फोड दिली. कडक कोऱ्या चहानं जीभ आवळल्यासारखी होते ना? तो तुरटपणा टॅनिनचा. रेड वाइनमध्ये तो मुख्यतः द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतो, कारण रस सालींसकट आंबवतात. व्हाइट वाइनसाठी बहुधा साली आधीच काढून टाकतात.

मग कागदात गुंडाळलेल्या चार बाटल्या आल्या. नाव आणि किंमत झाकलेली, म्हणजे जिभेवरच विसंबायचं. सोव्हिन्यों ब्लांकला कोणी 'कच्चा पेरू' म्हणालं, कोणी 'ढोबळी मिरची'. किंचित गोडसर शेनँ ब्लांक तिखट मिरची भज्यांबरोबर सगळ्यांत छान लागली. शिराझचा ग्लास काकांनी नुसता हुंगला आणि म्हणाले, "काळी मिरी." शिराझची तीच तर ओळख!

रेड वाइन 'खोलीच्या तापमानाला' द्यावी म्हणतात, पण ती खोली थंड देशातली, १६ ते १८ अंशांची. आपल्या मार्चमध्ये बाटली आधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी.

नाशिकची गंमतही कळली. युरोपात द्राक्षतोडणी साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये होते, नाशिकला जानेवारी ते मार्चमध्ये. तिथे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळछाटणी. त्यामुळे फळ थंडीत पिकतं आणि रात्रीच्या गारव्यानं त्यातला आंबटपणा टिकतो. राजीव सामंत यांनी १९९९ मध्ये 'सुला' सुरू केली, २००१ मध्ये महाराष्ट्र सरकारचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं आणि खाण्याच्या द्राक्षांसाठी प्रसिद्ध असलेला जिल्हा वाइनसाठीही ओळखला जाऊ लागला.

मला मात्र सगळ्यांत आवडली ती भाषा. आमची मुलं शाळेत इंग्रजी-तेलुगू, खेळताना हिंदी बोलतात. त्या संध्याकाळी आठ वर्षांची एक मुलगी आवळा खाऊन म्हणाली, "हे आंबट नाही, तुरट आहे." इंग्रजीत त्यासाठीचा शब्द आमच्यातल्या इंजिनियरांनाही चटकन आठवेना. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट हे सहा रस आपल्याकडे घरात, ताटावरच शिकवले जातात. ते बोलायला निमित्त लागतं, एवढंच.

पुढचा विषय ठरलाय: आंबा. हापूस, पायरी आणि इथला बेनिशान, डोळे बांधून. भांडं तेव्हाही लागेल, कोयींसाठी. तुमच्या गावी काय चाखता येईल, बघा.