रंगीत चित्राचा पाया

भारतांत रंगीत प्रक्षेपण १९८२ सालीं सुरू झालें. त्या काळचा दूरदर्शन-संच कळसाडीसारख्या नंदुरबार जिल्ह्यांतील गांवीं सेट-टॉप बॉक्स जोडून अद्याप कोणी चालवीत असेल, तर त्याचा जाणता कारागीर जवळपास मिळेलच असें नाहीं. म्हणून चित्र जुळविण्याची रीत घरच्यांनींच जाणून घ्यावी.

चेहरे लालभडक दिसूं लागले, कीं आपण प्रथम रंगाची कळ फिरवितों. ही घाई टाळावी. आधीं रंग अगदीं उतरवून चित्र कृष्णधवल करावें. काळे केस काळेच राहून त्यांतील बटा दिसतील इतका ब्राइटनेस ठेवावा. पांढऱ्या वस्त्राच्या चुण्या न बुजतील इतका कॉन्ट्रास्ट. मगच रंग हळूहळू चढवावा व माणसाची त्वचा स्वाभाविक दिसतांच थांबावें.

कोपऱ्यांत जांभळा-हिरवा डाग उमटल्यास जवळचा स्पीकर दूर करावा. त्यांतील लोहचुंबक इलेक्ट्रॉनांच्या झोतांची वाट चुकवितो. संच निवूं देऊन पुन्हां लावल्यास डाग बहुधा विरतो.

मागील झांकण मात्र उघडूं नये. चित्रनळीस सुमारें २०,००० व्होल्ट वा त्याहून अधिक दाब असतो व संच बंद केल्यावरही तो कांहीं काळ टिकून राहतो. वडिलांची ठेव जपावी, परंतु जिवावर उदार होऊन नव्हे.