दोन बाप्तिस्मे, एक मंडळी

आमच्या मोझरीहून नागपूर जेमतेम दोन तासांवर. तुकडोजी महाराजांनी १९३५ साली मोझरीत गुरुकुंज आश्रम उभारला आणि सामुदायिक प्रार्थनेत सगळ्या धर्मांच्या माणसांना एका ओळीत बसवलं. त्याचा अभिमान आम्हाला आहेच. पण परक्या धर्माच्या माणसाशेजारी बसणं एक वेळ जमतं. एकच ग्रंथ मानणाऱ्या, पण त्याचा अर्थ वेगळा लावणाऱ्या भावाशेजारी बसणं जड जातं. महाराजांच्या निर्वाणानंतर दोन वर्षांनी नागपुरात ख्रिस्ती मंडळींनी ते करून दाखवलं. त्यामागची नव्वदेक वर्षं पाहिली की त्याची किंमत कळते.

२९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडमध्ये वाँटेज इथं पंडिता रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. दोन वर्षं होतात न होतात तोच त्यांचा आणि त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांचा पत्रांतून वाद पेटला. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या त्रैक्याची चर्चनं केलेली मांडणी रमाबाईंना बायबलमध्ये तशी सापडेना. सिस्टरांचं म्हणणं, चर्चनं शतकानुशतकं जपलेला अर्थ नव्या माणसानं नम्रपणे स्वीकारावा. रमाबाईंचं म्हणणं, एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मी नुकतीच सुटले आहे. दुसऱ्याचं मानेवर घेणार नाही, देवाचं वचन मी स्वतः वाचीन. कोणीही हटलं नाही. तरी पत्रव्यवहार तुटला नाही, आणि रमाबाईंची मनोरमा वाँटेजच्या सिस्टरांकडेच शिकली. मतभेद एवढा खोल असताना पोटची मुलगी त्याच घरात विश्वासानं ठेवणं, हे मला त्या वादातल्या कुठल्याही युक्तिवादापेक्षा मोठं वाटतं. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि आयुष्याची शेवटची वर्षं बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांची वाट वेगळी. १९१७ साली त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तालाही जागा होती. मिशनशी भांडण न मांडता ते बाजूला झाले, पण दोनच वर्षांत त्यांचं निधन झालं.

बाप्तिस्म्याचा प्रश्न मात्र राहिलाच. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा सोळावा अध्याय उघडा. फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्यानं रात्रीच्या रात्री सगळ्या घरच्यांसह बाप्तिस्मा घेतला, असं तिथं आहे. अँग्लिकन आणि प्रेस्बिटेरियन म्हणतात, घरचे म्हणजे लेकरंबाळंही आली. म्हणून तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा योग्य. बॅप्टिस्ट लगेच पुढच्या ओवीवर बोट ठेवतात: सगळ्या घरानं विश्वास ठेवला, असंही तिथंच आहे, आणि तान्हं मूल विश्वास कसा ठेवणार? म्हणून जाणत्या वयात, स्वतःच्या तोंडानं कबुली देऊन, पाण्यात बुडूनच बाप्तिस्मा. लागून असलेल्या दोन ओव्या, आणि त्यांवरून शतकं वेगळ्या राहिलेल्या मंडळ्या.

उत्तर भारतातल्या मंडळ्यांनी १९२९ साली लखनौला एकत्र येण्याची बोलणी सुरू केली. एकेचाळीस वर्षं लागली. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. तोडगा असा: दोन्ही बाप्तिस्मे मान्य. आईबाप मुलाला लहानपणी आणोत, की ते मोठं होऊन स्वतः येवो, मंडळी एकच. दुसरा पेच पाळकांच्या दीक्षेचा होता. बिशपनं डोक्यावर हात ठेवल्याशिवाय दीक्षा पुरी होत नाही, असं अँग्लिकन मानत. इतरांना ते मान्य नव्हतं. तेव्हा सगळ्यांनीच एकमेकांकडून हस्तारोपण घेतलं, आणि प्रार्थनेचे शब्द जाणूनबुजून मोकळे ठेवले: ज्याला जे हवं ते देवानं द्यावं. कोणाची आधीची दीक्षा खोटी ठरली नाही.

काहींनी याला पळवाट म्हटलं. मी म्हणणार नाही. ज्या प्रश्नाचा निकाल पवित्र शास्त्र स्पष्ट शब्दांत देत नाही, तो माणसांनी मतं मोजून लावला नाही, यात धीर होता. सगळेच आले असंही नाही. अमेरिकन परंपरेतली मेथॉडिस्ट मंडळी ऐनवेळी मागे सरली, आणि आमच्या वऱ्हाडात अकोल्याला मूळ धरलेली अलायन्स मंडळी आजही वेगळीच आहे.

रमाबाईंची बाजू आज आपल्याला त्यांच्याच शब्दांत वाचता येते, कारण जिच्याशी वाद झाला त्या सिस्टर जेराल्डीनबाईंनीच ती पत्रं जपली, आणि १९७७ साली ती मुंबईत छापून निघाली. विदर्भातल्या मंडळ्यांकडे त्या एकेचाळीस वर्षांतली इतिवृत्तं, पत्रं, जुनी मासिकं घराघरांत पडून असतील. ती वाळवीच्या तोंडी जाण्याआधी काढा, आणि विरुद्ध बाजूची असतील तर आधी ती काढा.