चालत्या दप्तराची बदली

कचेरीची इमारत बदलावयाची झाली, की पूर्वी रुमालांत बांधलेली दप्तरे मोजून, त्यांची यादी करून ती गाडीत चढविण्यात येत, आणि नव्या जागी यादीबरहुकूम उतरवून घेईपर्यंत दोन-चार दिवस कामकाज तहकूब राहत असे. या अवधीत कोणी अर्जदार आलाच, तर त्यास पुढच्या सोमवारी येण्यास सांगितले जाई, आणि तोही बिनतक्रार परत जाई. आज बँकेची खाती, रेल्वेची आरक्षणे आणि दुकानदारांच्या वह्या संगणकांत गेल्या असून तेथे रात्री दोन वाजताही कोणी ना कोणी नोंद करीतच असतो. अशी दप्तरेही अधूनमधून एका जागेहून दुसऱ्या जागी न्यावी लागतात. मात्र पुढच्या सोमवारी या, असे सांगण्याची सोय आता उरलेली नाही.

या जागांस क्लाउड, म्हणजे ढग, असे नाव पडले असले तरी त्या जमिनीवरच आहेत. मोठ्या कंपन्यांनी उभारलेली आणि तासाच्या हिशेबाने भाड्याने दिलेली ती संगणकांची कोठारे होत. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुण्यात, ॲमेझॉनने २०१६ साली आणि गूगलने २०१७ साली मुंबईत अशी सोय केली. भाडे परवडेनासे झाले, एखादी सुविधा दुसरीकडे अधिक चांगली मिळू लागली, किंवा सारा कारभार एकाच घरमालकाच्या मर्जीवर ठेवणे धोक्याचे वाटू लागले, म्हणजे भाडेकरू जागा बदलण्याचा विचार करू लागतो.

प्रथमदर्शनी हा केवळ वाहतुकीचा प्रश्न वाटतो. शंभर टेराबाइटांचा साठा सेकंदास एक गिगाबिट वाहून नेणाऱ्या तारेवरून पाठवावयाचा झाल्यास, ती तार अहोरात्र पूर्ण क्षमतेने चालली तरी, सुमारे सव्वानऊ दिवस लागतात. तार रुंद केली तर हे दिवस कमी होतील; परंतु ते शून्यावर येणार नाहीत, आणि तेवढ्या काळात मूळ दप्तरात हजारो नोंदी बदललेल्या असतील. अर्थात नव्या जागी पोहोचलेली नक्कल पोहोचताक्षणीच शिळी झालेली असते, आणि सगळी अडचण येथूनच सुरू होते.

गिटलॅब या संस्थेने २०१८ साली आपला कारभार मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युअरवरून गूगलच्या क्लाउडवर नेला, तेव्हा हीच अडचण तिच्यासमोर होती. जगभरातील प्रोग्रामर आपली कामे जेथे ठेवतात अशी ही संस्था असून तिच्या मुख्य नोंदी पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये होत्या, ज्यात लिहिण्याचा अधिकार एकाच मुख्य संगणकास असतो आणि बाकीचे त्याच्यामागून उतरवून घेतात. संस्थेने नव्या जागी असा एक उतरवून घेणारा बसविला, बदलीच्या रंगीत तालमी पुनःपुन्हा घेतल्या, आणि ११ ऑगस्ट २०१८ या दिवशी काही काळ दरवाजा बंद ठेवून, शेवटच्या नोंदी पोहोचल्याची खात्री करून घेऊन, नव्या संगणकास मुख्य पदावर बसविले. तहकुबी दिवसांवरून तासांवर आली, पण टळली नाही.

ती टाळण्याची युक्ती विखुरलेल्या डेटाबेसच्या घडणीतच आहे. ॲमेझॉनच्या अभियंत्यांनी २००७ साली डायनॅमो या रचनेचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि तिच्यातील कल्पना घेऊन फेसबुकमध्ये घडविलेला कॅसान्ड्रा हा डेटाबेस २००८ साली सर्वांस खुला झाला. त्यात मुख्य असा कोणीच नसतो. प्रत्येक नोंदीच्या बहुधा तीन प्रती तीन निरनिराळ्या संगणकांवर असतात, आणि तिघांपैकी दोघांनी कबुली दिली, की बहुमताने नोंद पक्की धरता येते. अशा समूहास जागा बदलावयाची असते तेव्हा तो वडासारखा चालतो. नव्या जागेतील संगणक त्याच समूहाचे दुसरे केंद्र म्हणून दाखल केले जातात. त्या क्षणापासून येणारी प्रत्येक नवी नोंद दोन्हीकडे रुजू होते, जुन्या नोंदी मागून सावकाश उतरविल्या जातात, मग ग्राहकांचा ओघ नव्या केंद्राकडे वळविला जातो, आणि पारंबीने जमिनीत मूळ धरल्याची खात्री पटल्यावरच जुने खोड तोडले जाते.

या वर्णनात जे सुरळीत वाटते ते निसर्गनियमांच्या धाकात चालते. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदास सुमारे दोन लक्ष किलोमीटर जातो. त्यामुळे मुंबईहून पुण्यास निरोप जाऊन उत्तर येण्यास, अंतर सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटर धरले तर, सेकंदाचा सुमारे आठशेवा भागच लागतो, पण तोच निरोप अमेरिकेतील व्हर्जिनियास गेला तर सेकंदाच्या आठव्या भागाहून कमी वेळात उत्तर येणे शक्यच नाही. प्रत्येक नोंदीस दूरच्या केंद्राची कबुली आवश्यक ठरविल्यास सारा कारभार मंदावतो. न ठरविल्यास दोन केंद्रे क्षणभर निरनिराळे सांगू लागतात. एरिक ब्रूअर यांनी २००० साली मांडलेला आणि सेठ गिल्बर्ट व नॅन्सी लिंच यांनी २००२ साली सिद्ध केलेला सिद्धान्त असा, की दोन केंद्रांमधला संपर्क तुटला असता एकवाक्यता आणि अखंड सेवा यांपैकी एकीवर पाणी सोडावेच लागते. म्हणून बदलीच्या काळात स्थानिक बहुमतावर कारभार चालवून दोन्हीकडचा ताळमेळ मागाहून घालण्याचा प्रघात आहे.

परंतु लिहिण्यापेक्षा पुसणे अवघड, हा या शास्त्रातील सर्वांत विलक्षण भाग होय. तीन संगणकांपैकी एक बंद असताना उरलेल्या दोघांनी एखादी नोंद खरोखरच नाहीशी केली, तर तिसरा जागा होऊन आपल्याजवळची जुनी नोंद पुढे करील, आणि तिच्याविषयी आपल्याकडे काहीच नाही असे पाहून ते दोघेही ती नवीन समजून उतरवून घेतील. यास्तव कॅसान्ड्रात पुसण्याच्या जागी ‘ही नोंद अमुक क्षणी रद्द झाली’ असा शेरा लिहिला जातो, ज्यास तेथे टूम्बस्टोन, म्हणजे थडग्यावरचा दगड, असे म्हणतात. हे दगड कायमचे ठेवले तर दप्तराचे स्मशान होईल. म्हणून ठरावीक मुदतीनंतर ते काढून टाकण्याची मुभा असते, आणि मुळात ही मुदत दहा दिवसांची असते. आपला शंभर टेराबाइटांचा प्रवास सव्वानऊ दिवसांचा होता हे आठवले, म्हणजे हातात किती थोडे तास उरतात ते कळेल. दरम्यान तार तुटली, आणि बारा दिवसांपूर्वी काढून ठेवलेली नक्कल कोणी घाईने समूहात मिसळली, तर बंद केलेली खाती आणि रद्द केलेल्या मागण्या पुन्हा उठून बसतात. त्यामुळे जाणता अभियंता बदलीपूर्वी ही मुदत वाढवून घेतो, आणि ती संपण्याच्या आत प्रत्येक प्रत दुसरीशी ताडून पाहतो.

यांखेरीज एक जकातही असे. माल आत आणण्यास शुल्क नाही, बाहेर नेण्यास मात्र आहे, असा या कोठारांचा जुना रिवाज. २०२४ साली तिन्ही मोठ्या कंपन्यांनी कायमचे निघून जाणाऱ्यांना हे शुल्क माफ केले, आणि युरोपीय संघाच्या कायद्यानुसार १२ जानेवारी २०२७ पासून तेथे जागा बदलण्याबद्दल शुल्क घेता येणार नाही.

उरतो तो जुने खोड तोडण्याचा क्षण, कारण तोवरची प्रत्येक पायरी मागे घेता येते, ही येत नाही. गिटलॅबनेच हा धडा बदलीच्या दीड वर्ष आधी घेतला होता. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री एका थकलेल्या अभियंत्याच्या हातून चुकीच्या संगणकावरील सुमारे तीनशे गिगाबाइटांच्या नोंदी पुसल्या गेल्या. राखीव नकला शोधू गेले, तो नित्याची नक्कल आवृत्तीच्या विसंगतीमुळे निघतच नव्हती असे आढळले, आणि तसे कळविणारी पत्रे ईमेलच्या व्यवस्थेने नाकारली असल्यामुळे कोणास पत्ताही नव्हता. वाचविले ते सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी हाताने काढलेल्या एका नकलेने. त्या सहा तासांतील नोंदी मात्र गेल्या त्या गेल्याच. संस्थेने ही सारी हकिगत स्वतःहून जाहीर केली, हे तिला भूषणावह आहे.

जी नक्कल उघडून पाहिलेली नाही ती नक्कल धरू नये, एवढाच याचा निष्कर्ष. वाचकांपैकी कोणी जुना फोन विकावयास काढला असेल, तर त्यानेही नव्या फोनातली दहा-वीस छायाचित्रे प्रत्यक्ष उघडून पाहावीत, आणि मगच जुना फोन पुसावा.