अद्रेर अमेल्लाल

अद्रेर अमेल्लाल हे इजिप्तच्या पश्चिम वाळवंटातील सिवा मरूद्यानात असलेले पर्यटक निवासस्थान आहे. मीठ व माती यांच्या भिंती असलेले हे निवास विजेविना चालविले जाते. दुर्गम प्रदेशातील हवामानानुकूल वास्तुरचनेचे ते एक परिचित उदाहरण होय. सिवी या स्थानिक अमाझिग (बर्बर) भाषेत या नावाचा अर्थ ‘पांढरा डोंगर’ असा आहे. सिवा सरोवराकाठच्या ज्या डोंगराच्या पायथ्याशी हे निवास उभे आहे, त्यावरून हे नाव पडले.

स्थान व हवामान

सिवा हे लिबियाच्या सीमेपासून सुमारे ५० किमी अंतरावर, समुद्रसपाटीहून खालच्या पातळीवरील खोलगट भूभागात वसलेले आहे. भूमध्य समुद्रकाठचे मर्सा मत्रूह हे शहर तेथून सुमारे ३०० किमी दूर आहे. उन्हाळ्यात दुपारचे तापमान ४०° से.च्या आसपास पोहोचते, तर हिवाळ्यातील रात्री कडाक्याच्या थंड असतात. पाऊस नगण्य असतो. खजूर व ऑलिव्ह यांखेरीज बांधकामयोग्य लाकूड फारसे मिळत नाही. खाऱ्या सरोवरांच्या काठी मात्र मीठमिश्रित मातीचे कठीण थर विपुल आढळतात.

कर्शेफ

या थरांतून काढलेल्या ओबडधोबड ढेकळांना कर्शेफ म्हणतात. ही ढेकळे खाऱ्या मातीच्या ओल्या गाऱ्यात बसवून भिंत रचली जाते. गारा वाळताना त्यातील मिठाचे स्फटिक बनतात व ढेकळे एकमेकांना घट्ट जखडली जाऊन संपूर्ण भिंत एकजीव होते. खालचा थर वाळल्यावरच वरचा रचावा लागतो, त्यामुळे काम सावकाश चालते. भिंती पायाशी रुंद व वर निमुळत्या ठेवतात. खजुराच्या खोडांच्या तुळया टाकून त्यांवर मातीचे थर देऊन छत केले जाते. महाराष्ट्रातील माळवदाशी ही पद्धत मिळतीजुळती आहे.

रचना व कार्य

पर्यावरणतज्ज्ञ मुनीर नेमतल्ला यांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्थानिक गवंड्यांच्या साहाय्याने हे निवास उभारले. जाड भिंतींतून उष्णता अतिशय मंद गतीने आत शिरते. दिवसाची उष्णता भिंतीतच सामावली जाते आणि रात्री बाहेरची हवा थंड झाली की ती हळूहळू निघून जाते. परिणामी आतील तापमानातील चढउतार बाहेरच्या मानाने बरेच कमी राहतात. खिडक्या लहान असल्याने ऊन व धूळ यांचा शिरकाव कमी होतो, तर रात्री त्या उघडल्या असता खोल्या थंड होतात. वातानुकूलन यंत्रांची येथे आवश्यकता भासत नाही. प्रकाशासाठी मेणबत्त्या व कंदील, तर हिवाळ्यात उबेसाठी कोळशाच्या शेगड्या वापरतात. सांडपाणी पाणवनस्पतींच्या साहाय्याने शुद्ध केले जाते.

मर्यादा

कर्शेफचा मोठा शत्रू पाणी होय. मीठ विरघळणारे असल्याने भिंत भिजली की तिची पकड सुटते. सिवा येथील शाली ही तटबंदीयुक्त वसाहत तेराव्या शतकापासून याच साहित्याने बांधली गेली होती. १९२६ मध्ये सलग तीन दिवस झालेल्या पावसाने तिची मोठी पडझड झाली व रहिवाशांनी ती सोडून दिली. याखेरीज अनिर्बंध विहिरींमुळे मरूद्यानात पाण्याचा निचरा हा गंभीर प्रश्न बनला असून जमिनीतून वर चढणारी ओल पायाला घातक ठरते. अशा इमारतींची डागडुजी नियमितपणे करावी लागते.

पुढील काळात, विशेषतः १९८० च्या दशकात डांबरी रस्ता झाल्यानंतर, सिवात सिमेंट सहज पोहोचू लागले. पावसाची भीती नसलेली व कमी देखभालीची घरे रहिवाशांना सोयीची वाटली. परंतु पातळ भिंतींची ही घरे उन्हाळ्यात तापतात व पंखे किंवा वातानुकूलन यांवर अवलंबून राहतात. नव्या घरांसाठी मागणी घटल्यामुळे कर्शेफचे काम जाणणारे कारागीरही कमी झाले.

महत्त्व

कर्शेफच्या बांधकामाचे ज्ञान ग्रंथांत नव्हे, तर गवंड्यांच्या हातात टिकून असते. काम मिळाले नाही तर ते एका पिढीत लोप पावू शकते. अद्रेर अमेल्लालच्या उभारणीमुळे व देखभालीमुळे या कारागिरांना रोजगार मिळाला. पुढे युरोपीय संघाच्या साहाय्याने शालीचा जीर्णोद्धार झाला व २०२० मध्ये त्याचे उद्घाटन करण्यात आले. असे असले तरी पर्यटकांसाठीची महागडी निवासस्थाने व सामान्य सिवावासीयांची घरे यांतील अंतर कायम आहे. कर्शेफ हे केवळ पाहुण्यांच्या निवासाचे साहित्य ठरेल की गावातील घरांत पुन्हा वापरले जाईल, यावर या परंपरेचे भवितव्य अवलंबून आहे.