कंत्राटदाराची माहिती आणि कंपनीचे दायित्व

वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर चैत्र पौर्णिमेस जोतिबाची यात्रा भरते. तेथील स्वच्छतेचे काम एखाद्या कंपनीने छोट्या कंत्राटदारास दिले, तर ती त्याच्या ओळखपत्राची व बँकेच्या खातेपुस्तकाची प्रत मागते. यात्रा सरते, प्रत मात्र संगणकात राहते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ अन्वये संमती घेताना माहिती कशासाठी हवी हे कंपनीने, मागितल्यास मराठीतूनही, सांगावयाचे आहे. प्रयोजन संपल्यावर, अन्य कायद्याने जतन आवश्यक नसल्यास, ती नष्ट करावयाची आहे. चूक दुरुस्त करून घेण्याचा हक्कही कंत्राटदारास दिला आहे. निव्वळ कागदी नोंदवही मात्र या कक्षेबाहेर राहते, ही उणीवच म्हणावयाची. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम प्रसिद्ध झाले, तेव्हा या तरतुदी अठरा महिन्यांनी लागू करण्याचे ठरले.