पाकिटातली दुसरी पुडी

२०१७च्या दिवाळीनंतर गुलाबी बोंडअळीने कपाशी पोखरली होती. नववीच्या वर्गात आम्ही सहज विचारले : बीटी सरकीच्या पाकिटात वेगळी छोटी पुडी येते, तिचे घरी काय करता? कोणी म्हणाले फेकून देतो, कोणी म्हणाले नांग्या भरतो. एक मुलगी म्हणाली, "अब्बा म्हणतात, ती नकली सरकी असते."

नकली नव्हे, ती साधी सरकी. बीटीला २००२ साली परवानगी मिळाली ती याच अटीवर. ४५० ग्रॅम बीटीसोबत १२० ग्रॅम साधे बी शेताच्या कडेने लावायचे. बीटीचे बोंड खाऊन अळी मरते, पण लाखांत एखादी जन्मतःच टिकणारी निघते. अशांचीच आपसात जोडी जमली की पुढची पिढी बीटीला दाद देत नाही. कडेच्या साध्या ओळींवर नेहमीचे पतंग भरपूर वाढले, तर टिकाऊ पतंगाची जोडी त्यांच्याशी जमते आणि त्यांची पिल्ले बहुधा बीटीवर मरतात. म्हणजे त्या ओळी अळीने खाण्यासाठीच होत्या!

पण तीन एकरवाल्याने त्या का सोडाव्यात? नुकसान त्याचे एकट्याचे, फायदा साऱ्या शिवाराचा, आणि शेजारी लावतोच असे नाही. शेजाऱ्याच्या हक्काविषयी आपण घरात बोलतो. तो हक्क या पुडीत होता, हे कोणी समजावलेच नाही. विकणाऱ्यांनी नाही, सरकारनेही पुरेसे नाही. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २०हून अधिक शेतकरी-मजूर दगावले.

घरचे बी चालत नाही, याचा दोषही लोक जनुकाला देतात. खरे कारण संकर. आपल्याकडे बीटी जवळपास सगळी संकरित वाणांतच आली आणि संकरिताचे बी पुढच्या वर्षी तसे उगवत नाही. चीनमध्ये ती सरळ वाणांतही दिली गेली. बी राखण्याचा हक्क २००१च्या कायद्याने दिला आहे, पण राखण्याजोगे बीच नसेल तर दर मृगाला दुकानाची उधारी आलीच.

आता साधे बी बीटीतच मिसळून येते. फेकायची सोय राहिली नाही, समजावण्याची गरजही.

दरम्यान, परवानगी नसलेली 'चोर बीटी' गावोगाव पोचली आहे. तिच्यावर तणनाशक मारले तरी झाड मरत नाही, निंदणाचा खर्च वाचतो. आमच्या वर्गातल्या कित्येक मुलींच्या अम्मी निंदणालाच जातात. वह्यांचे पैसे त्या मजुरीतूनच येतात.