आम्हाला कशाला होईल एड्स?

बचत गटाच्या बैठकीत आरोग्याचा विषय निघाला की रक्त कमी असणं, साखर, गुडघेदुखी यावर बायका भरभरून बोलतात. एचआयव्हीचं नाव काढलं की मात्र पदर तोंडाशी जातो. मग कोणीतरी हळूच म्हणतं, ‘‘ताई, आम्ही घरंदाज बायका. आम्हाला कशाला होईल एड्स?’’ वस्त्यांमधून काम करताना हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय, की आज त्याचंच उत्तर लिहायला बसले.

आपल्या देशात १९८६ मध्ये चेन्नईत, म्हणजे तेव्हाच्या मद्रासमध्ये, पहिल्यांदा एचआयव्हीची लागण आढळली. हा ‘वाईट चालीच्या’ लोकांचा आजार, असा शिक्का त्याच्यावर बसला तो अजून पुसला गेलेला नाही. वास्तव काय आहे? देशातल्या दर दहा बाधितांमध्ये चारहून अधिक महिला आहेत. त्यातल्या कितीतरी जणींनी नवऱ्याशिवाय दुसरा पुरुष पाहिलेला नाही. पातिव्रत्याने विषाणू अडत नाही, मैत्रिणींनो.

आधी एक घोळ मिटवूया. एचआयव्ही हा विषाणू. तो शरीराची प्रतिकारशक्ती पोखरतो. उपचार घेतले नाहीत, तर काही वर्षांनी क्षयासारखे आजार घेरतात, त्या अवस्थेला एड्स म्हणतात. मधली कित्येक वर्षं माणूस अगदी धडधाकट दिसतो. म्हणून चेहऱ्यावरून काहीही ओळखता येत नाही. कळतं ते फक्त रक्ताच्या चाचणीतून.

लागण होते ती असुरक्षित शरीरसंबंधातून, बाधित रक्तातून, दूषित सुईतून आणि बाधित आईकडून बाळाला. एका ताटात जेवल्याने, शेजारी बसल्याने, डास चावल्याने किंवा एकच संडास वापरल्याने होत नाही. तरीही घरात एखादीचं भांडं वेगळं ठेवलं जातं, तेव्हा जीव तुटतो.

आता बचावाचं. आपल्याकडे हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे, ‘‘माझं ऑपरेशन झालंय, आता निरोध कशाला?’’ अहो, ऑपरेशन, तांबी, गोळ्या यांनी दिवस राहत नाहीत. विषाणू थांबत नाही. तो अडवतो निरोधच, आणि तोही दर वेळी वापरला तर. नवऱ्याला सांगायचं कसं, हा खरा प्रश्न. थेट बोलायची सोय नसेल तर ‘अंगावर पांढरं जातंय, डॉक्टरांनी सांगितलंय’ किंवा ‘इतक्यात दुसरं मूल नको’ असं सांगून बायका वाट काढतात. त्यात काही चूक नाही.

दुसरी गोष्ट तपासणीची. सरकारी रुग्णालयांतल्या समुपदेशन व चाचणी केंद्रात ती मोफत होते आणि अहवाल गुप्त ठेवला जातो. संबंधानंतर लगेच केलेली चाचणी फसवू शकते. लागण दिसायला तीन महिन्यांपर्यंत वेळ लागू शकतो, म्हणून तेव्हा ती पुन्हा करावी. बलात्कारासारखा प्रसंग किंवा सुई टोचणं घडलं, तर ७२ तासांच्या आत रुग्णालय गाठावं. २८ दिवसांच्या गोळ्यांनी लागण टाळता येऊ शकते.

आमच्या भागातली एक पोर पहिल्या बाळंतपणासाठी नाव नोंदवायला गेली आणि चाचणीत दोष निघाला. घरी एकच गहजब! ‘‘तूच हे घरात आणलंस,’’ म्हणून सासूने बॅग भरली. नवऱ्याची तपासणी कोणी केलीच नव्हती. गरोदरपणामुळे बाईची चाचणी आधी होते आणि दोषही तिच्याच माथी येतो. समुपदेशक ताईंनी नवऱ्याला बोलावून घेतलं. त्यालाही लागण होती. दोघांचे उपचार सुरू झाले. बाळाला जन्मल्यापासून औषध दिलं, पहिले सहा महिने फक्त आईचंच दूध, पाणीसुद्धा नाही. अठराव्या महिन्यातल्या शेवटच्या तपासणीत लेकरू निर्धोक निघालं. आता ते शाळेत जातं.

हा चमत्कार नाही. उपचार नसतील तर बाधित आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण १५ ते ४५ टक्के असतं. वेळेवर औषधं घेतली तर ते ५ टक्क्यांच्याही खाली येतं. २००४ पासून ही औषधं सरकारी एआरटी केंद्रांत मोफत मिळतात. ती रोज, न चुकता आणि आयुष्यभर घ्यायची असतात. रक्तातला विषाणू चाचणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदारालाही लागण होत नाही.

आणि कायदाही आपल्या बाजूने आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, नोकरीत भेदभाव करता येत नाही. राहत्या घरातून बाधित बाईला बाहेरही काढता येत नाही. नवऱ्यामागे सासरी नकोशा झालेल्या विधवांना हे मुद्दाम सांगा.

मुलीचं लग्न ठरवताना ३६ गुण जुळवतो, मानपान बघतो, मग मुलगा-मुलगी दोघांनी राजीखुशीने रक्ततपासणी केली तर बिघडतं कुठे? बाळंतपणाचं नाव नोंदवायला जातानाही नवऱ्याला सोबत न्या, दोघांची चाचणी एकदमच होऊ द्या. कोणाशी बोलावं कळत नसेल तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आजच लिहून ठेवा. तुम्हाला नाही, तर शेजारणीला उपयोगी पडेल.